एका डोळ्याचा गुलाब

९ मार्च

ताई,

पोचले. हे लिहिणार नव्हते, पण पत्र आलं नाही तर बाबा दिवसभर दारात उभे राहतील आणि तू त्यांच्यावर ओरडशील, म्हणून लिहिते आहे. निघताना तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस. "आपल्या हौसेचं आपणच निस्तर," एवढं स्वयंपाकघरातून म्हणालीस. ते मी बरोबर घेऊन आले आहे.

बाबांनी आपल्याला सांगितलेली गोष्ट आणि इथे मला कळलेली गोष्ट, यांत बरंच अंतर आहे. बाबा म्हणाले, वादळात सामानाची गाडी बंद पडली, एका रोपवाटिकेत आसरा घेतला, सकाळी कुंपणाबाहेर आलेलं एक फूल तोडलं तर मालक अंगावर धावून आला. ताई, फूल कुंपणाबाहेर नव्हतं. काचघरात होतं, दोन दारांच्या आत, आणि झाडाला चिठ्ठी बांधलेली होती. मालकाने बाबांना गरम सूप दिलं, कोरडे कपडे दिले, स्वतःची खाट दिली आणि स्वतः पोत्यांवर झोपला. बाबांनी त्याचे आभार चाकूने मानले.

आणि याला कारण मी. फेरीवर निघताना बाबांनी विचारलं होतं, काय आणू? तू कुकरची शिट्टी मागितलीस, मी गुलाब. वाटलं, आपण किती गुणी, कुणाला त्रास नको म्हणून साधंसं काहीतरी मागतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते झाड नऊ वर्षांच्या खटाटोपातून निघालेलं एकुलतं एक आहे. एका गुलाबाचा पराग दुसऱ्यावर घालायचा, बी धरायचं, पेरायचं, नापसंत ते उपटायचं, पुन्हा घालायचं. नऊ वर्षांनी हे एक फूल आलं आणि ते बाबांनी वीतभर दांड्यासकट नेलं. दांडा महत्त्वाचा. पानाच्या बगलेत एक बारीक कोंब असतो, त्याला डोळा म्हणतात. तो काढून जंगली गुलाबाच्या खुंटावर, सालीच्या आत बसवला की नवं झाड होतं. त्या दांड्यावर तीन डोळे होते, आणि मी तो तीन दिवस पेल्यात ठेवून वास घेत होते.

बाबांनी मला इथे पाठवलं असं शेजाऱ्यांना सांगू नकोस. मीच म्हणाले, फूल माझ्यासाठी तोडलंत, तर भरपाईच्या कामाला हात मी लावीन. बोली अशी आहे की मूळ झाडाला नवी फांदी फुटेपर्यंत मी इथे काम करायचं. दांडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. मालकाने तो घेतला आणि आत गेला.

इथले कामगार त्याला पाठीमागे अस्वल म्हणतात. छातीपर्यंत दाढी, ढगळ कोट, आणि बोलणं म्हणजे नुसतं गुरगुरणं. मला भीती वाटत नाही. थोडी वाटते. बाबांना सांगू नकोस.

धाकटी


२ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत तीन प्रश्न: त्याचं वय काय, घरात कोण कोण, जेवायला काय मिळतं. मी कामाला आले आहे, स्थळ बघायला नाही. वय असेल चाळिशीच्या अलीकडे, दाढीमागे नीट कळत नाही. घरात एक आत्या आहेत. त्या त्याच्या आत्या, पण सगळे त्यांना आत्याच म्हणतात. जेवायला भरपूर मिळतं.

वाईट बातमी ही की तिन्ही डोळे सुकले. अस्वलाने बसवले, मी रोज पाहिले, एकेक काळा पडत गेला. मी दांडा पेल्यात ठेवल्यामुळे ते झालं, हे त्याने एकदाही म्हटलं नाही. "बरं," एवढंच म्हणाला. हा माणूस सगळ्याला बरं म्हणतो. पाऊस आला, बरं. पंप जळला, बरं. एक शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता चांगली बातमी. शिंप्याच्या दुकानात सहा वर्षं मी काजं केली ती वाया गेली नाहीत. डोळा बसवायला खुंटाच्या सालीला छेद द्यावा लागतो. खोल गेला तर खुंट दुखावतो, उथळ राहिला तर साल सुटत नाही. म्हणजे काजच की. अस्वल साध्या गुलाबांवर मला शिकवत होता, तिसऱ्या दिवशी माझा छेद बघून थांबला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "शर्टावर." तो हसला असावा. दाढी हलली.

इथे एक नियम आहे. डोळा बसवला की त्यावर पट्टी बांधतात, आणि तीन-चार आठवड्यांनी सोडतात. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अस्वलाच्या वडिलांनी हा नियम घालून दिला. किती आवळलं आहे ते बांधणाऱ्या बोटांनाच माहीत असतं, हे एक. आणि दुसरं, आत्यांनी सांगितलेलं: बांधून कुणी पळून जाऊ नये.

आणखी एक गंमत. रोज संध्याकाळी काचघर बंद करताना अस्वल किल्ली फिरवतो आणि विचारतो, "राहाल?" म्हणजे, बोलीचे दिवस संपल्यावरही. मी म्हणते, "नाही." तो म्हणतो, "बरं." मग आम्ही जेवायला जातो. रोज. रविवारीसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी, पण घडा कोण आणि पाणी कोण ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यात तुझ्या मनात येतंय तसं काही नाही.

धाकटी


१९ जुलै

ताई,

बाबांची कंबर धरली आहे हे वाचलं. मी येते. आठ दिवसांसाठी, एकही जास्त नाही, आणि का ते आत्ताच सांगते, म्हणजे मग वाद नको.

जूनमध्ये मूळ झाडाला एक फांदी फुटली, करंगळीएवढी. म्हणजे माझी बोली संपली. मी सामान आवरलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मग ते झाड मुळातून सडायला लागलं. आम्ही माती बदलली, सावली केली, डोळ्यात तेल घालून बसलो, तरी ते गेलं. जाण्याआधी त्या फांदीवरचा एकच डोळा तेवढा भरलेला होता. नऊ वर्षं आणि एक डोळा.

अस्वलाने चाकू माझ्यापुढे धरला. म्हणाला, "माझी बोटं जाड आहेत. तू कर." तोपर्यंत तो मला तुम्हीच म्हणत होता. मी छेद दिला, डोळा बसवला, पट्टी बांधली. चौदाव्या दिवशी डोळ्याखालचा पानाचा देठ बोट लावताच गळून पडला. देठ सुकून चिकटून राहिला तर डोळा मेला, सहज गळला तर धरला. धरला, ताई. आत्यांनी शेजारच्या मळ्यापर्यंत जाऊन सांगितलं.

आता ती पट्टी अठ्ठावीस तारखेपर्यंत मला सोडायची आहे. नंतर ती सालीत रुतते आणि डोळा गुदमरतो. काल अस्वल म्हणाला, "बोली संपली आहे. परत यायलाच हवं असं नाही." मी विचारलं, "मग पट्टी कोण सोडणार?" तो म्हणाला, "बरं." पण हे बरं वेगळं होतं. नेहमीचं गुडघ्यातून येतं, हे जरा वरून आलं.

उद्या निघते. कुकरची शिट्टी नीट लागते का?

धाकटी


१० ऑगस्ट

ताई,

आत्यांचा फोन मंगळवारी आला होता. तू मला गुरुवारी सांगितलंस.

आत्या तुला म्हणाल्या होत्या, त्याच्या तळहातात काटा रुतून पिकलाय, ताप उतरत नाही, दवाखान्यात चल म्हटलं तर पट्टी सुटल्याशिवाय हलत नाही म्हणतो, तिला एवढं सांगा. एवढंच सांगायचं होतं तुला. दोन दिवस तू पोळपाट बडवत राहिलीस आणि सांगितलं नाहीस.

तो दवाखान्यात आहे. हात कापावा लागेल का ते डॉक्टर काही दिवसांनी सांगणार आहेत.

घाईत तुझा रुमाल माझ्या पिशवीत आला. त्याच्या घडीत अर्धा कांदा आहे. तू रोज संध्याकाळी पदराआड रडत होतीस आणि मी तुझी पाठ चोळत होते, आणखी एक दिवस राहते म्हणत होते. आठाचे सतरा दिवस झाले.

मला तुझ्याशी बोलायचं नाही. बाबा गाडी घेऊन नीट पोचले का, एवढं कळव.


२४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. "तू गेलीस की या घरात माझ्याशी बोलायला कुकरची शिट्टी उरते," असं तू लिहिलंस. मला हसू आलं आणि मग रडू आलं, कांद्याशिवाय.

मी मागच्या पत्रात सगळं खरं लिहिलं नव्हतं. आज लिहिते. हात वाचला आहे, म्हणून लिहायला धीर झाला.

आधी त्या दिवसाचं. बाबा कमरेला पट्टा बांधून गाडीत बसले आणि थेट इकडे निघाले. शेवटच्या वळणावर म्हणाले, "धाकटे, त्या माणसाने मला खाट दिली होती गं." तेवढंच.

आत्या फाटकातच भेटल्या. चेहरा अर्धा रडका, अर्धा खुललेला. म्हणाल्या, "त्याचं काही खरं नाही बाई, पण झाड बघ, झाड कसं जोमात आलंय. मी रोज पाणी घालतेय." मी काचघरात धावले. खुंटावर हातभर उंच, तजेलदार कोंब उभा होता, त्याला सात पानं होती. तो कोंब आमचा नव्हता. तो पट्टीच्या खालून, जंगली खुंटातून फुटला होता. असे कोंब रोज अंगठ्याने खुडावे लागतात, नाहीतर सगळा रस तेच पितात. अस्वल खुडत होता, पण हात सुजल्यावर त्याला चिमूट जमेना, तापात कळेनासं झालं, आणि आत्यांना वाटलं, धरला तो डोळा हाच. त्या कोंबाला हात लावला म्हणून त्यांनी एका कामगाराला हाकललंसुद्धा. चोराला पाटावर बसवून वाढत होत्या बिचाऱ्या.

अस्वल तिथेच होता. उलट्या खोक्यावर, भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. पट्टी सालीत रुतली होती. समोर कात्री होती, डावा हात चांगला होता, पण त्याने पट्टी सोडली नव्हती. मी आधी ओरडले. "एवढा कसला नियम? सोडायची होती!" त्याने डोळे उघडले. म्हणाला, "तू बांधली होतीस."

मी जंगली कोंब मुळापासून कापला. आत्या किंचाळल्या. पट्टी सुईच्या टोकाने, शिवण उसवतात तशी, एकेक वेढा करून सोडली. खाली साल पांढरी पडली होती आणि मध्ये डोळा होता, मुगाएवढा. हिरवा. मी तो अस्वलाला दाखवला आणि म्हटलं, "सुटली. आता उठा." तो उठला. बाबांनी आणि मी त्याला गाडीत घातला. बाबांनी त्याच्या अंगावर स्वतःचा कोट पांघरला आणि गाडी अशी हाकली की कंबर धरल्याचं ते विसरूनच गेले.

आता कांद्याचं. ताई, मला चौथ्या दिवशीच वास आला होता. मी सहा वर्षं शिंप्याकडे होते, पण त्याआधी सोळा वर्षं तुझ्या शेजारी बसून कांदे चिरले आहेत. मला तुझं खरं रडणंही माहीत आहे. तू खरी रडतेस तेव्हा आवाज येत नाही, आणि तू कपाट आवरायला घेतेस.

तरी मी राहिले. कारण त्या आठ दिवसांत मला कळलं होतं की परत गेले आणि त्याने किल्ली फिरवताना विचारलं, तर यावेळी तोंडातून नाही निघणार नाही. त्याची मला भीती वाटली. आपली आई गेल्यापासून मी कुणाची झाले नाही, तुझ्याशिवाय. म्हणून तू रडत राहिलीस ते मला सोयीचं पडलं. तू मला अडवलंस असं मला म्हणता आलं. फोनचे दोन दिवस तुझे, ते मी विसरणार नाही. पण बाकीचे सात माझे आहेत.

आणि गुरुवारी तुला गप्प राहता आलं असतं, ताई. फोन पुन्हा आला नव्हता. तू आपणहून सांगितलंस, आणि माझी पिशवी तूच भरलीस. रागाच्या भरात ते लिहायचं मी गाळलं होतं.

आता राहिलं ते सांगते. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, हात वाचला, बोटं हलतील. संध्याकाळी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी उठले, पेला झाकला, चादर नीट केली. तो काहीच बोलला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "आज विचारायचं राहिलं."

"काय?"

"रोजचं."

तो छताकडे बघत म्हणाला, "उत्तर माहीत आहे मला."

"ते जुनं आहे."

पलीकडच्या खाटेवरचे आजोबा पेपर खाली ठेवून ऐकत होते. शेवटी तो म्हणाला, "राहशील?"

"राहीन."

तो म्हणाला, "बरं."

आजोबा म्हणाले, "अहो, बरं काय?"

धाकटी


१७ डिसेंबर

ताई,

फुललं.

चार महिने लागले. डोळ्यातून फांदी आली, फांदीवर एकच कळी आली, आणि ती नेमकी गुलाबांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सुटायला लागली. तू पेल्यात पाहिलेलं फूल विसर, ते मरत होतं. हे बाहेरून फिकट आहे, जुन्या कागदासारखं, आणि आत बघावं तर शेगडीतला निखारा. वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. अस्वल त्याच्यासमोर उभा राहिला आणि बरंसुद्धा म्हणाला नाही.

झाड एकच, म्हणून फूल कापून न्यायचा प्रश्नच नव्हता. कुंडीच नेली. बाबांच्या गाडीत पुढच्या आसनावर, पट्टा लावून. अस्वल आणि मी मागे सामानात. शहरातल्या त्या मोठ्या दालनात तीनशे गुलाब होते. तीन परीक्षक होते, त्यांतल्या एकाने सहा वर्षांपूर्वी अस्वलाला सांगितलं होतं की रोपं विका आणि गप्प बसा. तो आमच्या टेबलाशी आला, वाकला, चष्मा काढला आणि हललाच नाही. बाकीचे दोघे त्याला ओलांडून पुढे गेले, मग तेही परत आले. पहिलं बक्षीस, ताई. पहिलं. दालनातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आत्यांनी सगळ्यांपेक्षा उशिरापर्यंत वाजवल्या. टेबलावरच्या पाटीवर कुणी तयार केलं ते लिहायचं असतं. अस्वलाने दोन नावं लिहिली होती आणि माझं वर होतं. काज-बटण करणारीचं नाव, पितळी चौकटीत.

बाबा दिवसभर कुंडीजवळ पहारा देत उभे होते. कुणाचा हात पुढे आला की म्हणायचे, "लांबून बघा. एका फुलापायी मुलगी द्यावी लागते, मला विचारा."

बक्षीस घ्यायला जायचं म्हणून अस्वलाने सकाळी दाढी काढली होती. आतून एक अगदी देखणा माणूस निघाला, हनुवटीला खळी वगैरे. सगळ्या बाया बघत होत्या. मला रडूच आलं. मी म्हटलं, माझा अस्वल कुठे गेला? तो म्हणाला, "येईल महिन्याभरात." तोपर्यंत मी त्याच्याशी जरा परक्यासारखीच वागते आहे. तिकडे बघून बोलते. आवाज तोच आहे, त्यावर भागवते.

लग्न पाच जानेवारीला. नोंदणी करून, काचघरात जेवण. तू यायचंस. बाबांचं विचारत नाही, ते इथून हलतच नाहीत, आत्यांच्या सुपाचं कौतुक करत बसतात.

तू लिहिलंस की कोणत्या तोंडाने येऊ. त्याच तोंडाने ये, दुसरं कुठून आणणार? मी माफ केलं असं लिहिणार नाही, ते लिहून होत नाही. त्यापेक्षा एक काम सांगते. या गुलाबाचे आता डोळे भरायला आले आहेत, चौदा. पाच तारखेला सकाळी पहिला डोळा तू बांधायचास. छेद मी देईन, पट्टी तुझ्या हाताची. तुझे हात पोळपाटावर चालतात, तर हेही जमेल.

आणि एकदा बांधलंस की महिन्याभराने सोडायला परत यावं लागेल. दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही, अस्वलालाही नाही. सोडलास की लगेच पुढचा बांधायला देईन. चौदा डोळे आहेत, ताई. बघ किती वर्षं पुरतात.

तुझा रुमाल मी धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. वास अजून जात नाही. येताना दुसरा आण. या वेळी कांदा लागायचा नाही.

तुझी
धाकटी